आमच्या शेजारचे धंदे

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलनें दापोडी सोडली कीं पुढचें स्टेशन कासारवाडी. बहुतेक उतारूंस तें पिंपरीच्या आधींचें स्टेशन म्हणूनच ठाऊक असतें. कांहींना नाशिक फाट्याच्या दुमजली उड्डाणपुलाशेजारची वस्ती म्हणून. आणि ६ मार्च २०२२ रोजीं मेट्रो या बाजूस धावूं लागल्यापासून मुलांना तें एका उंच, स्वच्छ फलाटाचें नांव म्हणून पाठ झालें आहे. आम्ही येथें राहावयास आलों त्याला बरींच वर्षें झालीं. परंतु एवढ्या काळांत गांवाच्या नांवाचा अर्थ आमच्या मनांत क्वचितच आला असेल. कासार म्हणजे तांब्यापितळेचीं भांडीं विकणारा, बायकांच्या हातीं बांगड्या भरणारा. तो वाडीच्या नांवांत आहे. वाडींत शोधूं गेल्यास सांपडतात ते मोटारींचे सुटे भाग विकणारे, टायरवाले, आणि कारखान्यांच्या पाळ्यांवर जाणाऱ्या माणसांना चहा पाजणारे.

आमच्या आजोळीं कासाराच्या दुकानांत आजीबरोबर जाणें हा एक सोहळा असे. ती जातांना रिकाम्या हातीं जात नसे. पदराखालीं एखादा ठेंचलेला तांब्या, कांठ फाटलेली परात असें कांहींतरी मोडीला असावयाचेंच. कासार तें तागडींत टाकी, मोडीचा भाव सांगे, आजी तो ऐकून कासारास चार शब्द ऐकवी, आणि शेवटीं नव्या भांड्याच्या किंमतींतून तेवढी रक्कम वजा होई. घेतलेल्या भांड्यावर नांव घालून घ्यावयाचें. अशीं नांवें घातलेलीं भांडीं आमच्या घरांत अजून आहेत. ज्यांचीं नांवें त्यांवर आहेत त्यांना आम्हीं पाहिलें देखील नाहीं. दुपारच्या वेळीं बोहारीण येई. जुनीं लुगडीं व सदरे घेऊन वाटी किंवा डबा देई. वर्षांतून दोनदां कल्हईवाला येई. फुटकें, फाटकें, विटलेलें असें घराबाहेर जाई तें पुन्हां कोणाच्या तरी उपयोगीं पडावयास जाई. या मंडळींपैकीं एकानेंहि आपल्या धंद्यास पर्यावरणस्नेही म्हटलें नाहीं. तो शब्दच त्यांच्या कानीं पडला नव्हता.

आम्हांस मात्र तो शब्द मिळाला आणि त्यामागोमाग उत्साहहि आला. २३ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, आणि त्याच वर्षीं जूनच्या २३ तारखेपासून दंडाची भीति खरी झाली. आमच्या सोसायटींतील व शेजारच्या दोनतीन गल्ल्यांतील कांहीं माणसें एकत्र जमलीं व त्यांनीं एक मंडळ काढलें. उद्देश असा कीं, आपल्या आसपास जे छोटे, निरुपद्रवी, मातीस व पाण्यास न बाटविणारे धंदे आहेत त्यांना शेजाऱ्यांनीं आश्रय द्यावा. मंडळाचें चिटणीसपण आमच्याकडे आलें. कां, तर आम्हांस पत्रें लिहिण्याची हौस आहे हें सर्वांस ठाऊक होतें. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सोसायटीच्या अंगणांत बाजार भरूं लागला. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवणाऱ्या चारपांच बायका, लाकडी घाण्याचें तेल विकणारा एक तरुण, मावळांतून इंद्रायणी तांदूळ व भाजी घेऊन येणारे एक शेतकरी आणि त्यांची सून, केळीच्या पानांच्या द्रोणपत्रावळी, मातीचे माठ. पहिल्या रविवारीं एवढी गर्दी लोटली कीं भाजी दहाच्या आंत संपली. आम्ही कृतार्थ झालों.

चौथ्या रविवारीं पिशव्यांचा ढीग तसाच घरीं परत गेला. याचें कारण आम्हीं बरेच दिवस लोकांच्या अनास्थेंत शोधलें. खरें कारण त्या शिवणाऱ्या बायकांपैकीं एकीनें हंसत हंसत सांगितलें. "दादा, पहिल्या महिन्यांत सगळ्यांनीं पांच पांच पिशव्या नेल्या. त्या फाटल्याशिवाय सहावी कशाला घेतील?" जी वस्तु टिकते म्हणून आम्ही तिची स्तुति करीत होतों, ती टिकल्यामुळेंच तिचा बाजार उठला होता! अर्थशास्त्रावरचे ग्रंथ वाचलेल्या आमच्या एका स्नेह्यांना हें सुचलें नव्हतें. पुढें त्या बायकांनीं पिशव्या शिवणें सोडून साडीला फॉल लावणें, विजारींची लांबी कमी करणें, पडद्यांचीं कडीं बसविणें असलीं कामें धरलीं, आणि तींच त्यांच्या हातीं टिकलीं. दुरुस्तीस अंत नाहीं. मोडण्याचें काम लोक आपण होऊन, विनामूल्य करीत असतात.

कल्हईवाल्याची गोष्ट याहून वेगळी. तो मोठ्या मिनतवारीनें मिळाला. अंगणाच्या कोपऱ्यांत त्यानें जमीन जराशी उकरली, कोळसा पेटविला, हातानें फिरवावयाचा पंखा लावला आणि घासून काढलेलें पातेलें सांडशींत धरून विस्तवावर फिरवूं लागला. सोसायटींतलीं मुलें भोंवतीं कोंडाळें करून उभीं राहिलीं; त्यांतल्या एकानेंहि पूर्वीं हें पाहिलें नव्हतें. पातेलें पुरतें तापल्यावर त्यानें नवसागराची चिमूट टाकली. भसकन पांढरा धूर निघाला. मग कथलाची कांडी तळाशीं टेंकतांच ती लोण्यासारखी वितळली, आणि कापसाच्या बोळ्यानें त्यानें ती अशी कांहीं भरभर पसरविली कीं काळवंडलेलें पितळ आमच्या डोळ्यांदेखत चांदीसारखें झालें. पातेलें पाण्यांत बुडवितांच चर्र असा आवाज झाला आणि मुलांनीं टाळ्या वाजविल्या. टाळ्यांनीं त्याचें पोट भरणार नव्हतें. आमच्या सौभाग्यवतींनीं मजुरी ऐकून, "एवढ्यांत स्टीलचें नवें पातेलें येईल," असें म्हटलें, आणि आम्हीं त्यांना अडविलें नाहीं. त्यानें घासाघीस न करतां सांगितलें तेवढेच पैसे मागितले. निघतांना मात्र आम्हांस विचारलें, "साहेब, महिन्याला निदान किती भांडीं निघतील तें सांगा. आंकडा सांगा, मी येत जाईन." आम्हीं सर्वांना विचारून सांगतों म्हटलें. विचारलें, पण आंकडा कोणी दिला नाहीं. तो पुन्हां आला नाहीं.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. स्थानिक व निर्मळ हे दोन शब्द आम्ही जोडीनें उच्चारीत असूं, परंतु ते नेहमीं जोडीनें नांदत नाहींत. नवसागराच्या धुरानें त्या दिवशीं आमचे डोळे चुरचुरले. कथील कांहीं मावळांत पिकत नाहीं. गणेशोत्सवांत आम्हीं शाडूच्या मूर्तींचा पुरस्कार केला आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध काढलेल्या सूचना फलकावर लिहिल्या. पुढें कळलें कीं पेणच्या मूर्तिकारांची शाडू माती येते ती गुजरातेंतून. म्हणून शाडू वाईट ठरत नाहीं. पवनेचें पाणी येथून जवळच दापोडीपाशीं मुळेस मिळतें. भाद्रपदांत त्या पाण्याकडे पाहणाऱ्यास शाडूचें महत्त्व निराळें सांगावयास नको. आमची घोषणा मात्र आमच्या ज्ञानापेक्षां थोडी मोठी होती एवढेंच.

मंडळाच्या एका बैठकींत एका वृद्ध सभासदांनीं आम्हांस तळेगांवच्या पैसा फंडाची आठवण करून दिली. याच लोकलनें पुढें गेलें कीं तासाच्या आंत तळेगांव येतें. अंताजी दामोदर काळे यांनीं अशी कल्पना काढली कीं प्रत्येकानें देशी उद्योगासाठीं सालीना एक पैसा द्यावा. एकच पैसा, पण प्रत्येकानें. टिळकांनीं ती उचलून धरली आणि त्या फंडांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. त्याच्याहि आधीं पुण्यांत सार्वजनिक काकांनीं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनीं, स्वदेशीचें व्रत घेतलें होतें. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेषांत गेले ही गोष्ट प्रसिद्धच आहे. व्रताचा प्रभाव मोठा असतो. परंतु भट्टी पेटती ठेवावयास व्रताहून कांहींतरी सामान्य व नियमित असें लागतें, आणि काळ्यांच्या पैशांत तें होतें. तो पैसा दात्यास जाणवत नसे आणि घेणाऱ्यास मोजतां येत असे. आमचा कल्हईवाला जो आंकडा मागत होता तो दुसरें काय होता?

आमच्या सोसायटींत असा एक पैसा पूर्वींपासून चालू होता. तो आमच्या ध्यानांत आला नाहीं.

रोज सकाळीं सातच्या सुमारास एक बाई कचरा न्यावयास येत असत. घरटी दरमहा ठराविक रक्कम त्यांस मिळे. ओला कचरा त्या आवारामागच्या खड्ड्यांत टाकीत आणि सुका जिन्याखालीं बसून निवडीत: पांढरा कागद एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत, कांच, पत्रा. हीं गांठोडीं त्या भंगाराच्या दुकानीं नेऊन घालीत. तेथून माल मोठ्या व्यापाऱ्याकडे, आणि तेथून कागदाच्या गिरणींत किंवा भट्टींत. म्हणजे आमच्या आजीच्या ठेंचलेल्या तांब्याचा जो मार्ग होता, तोच आमच्या रद्दीचा व डब्यांचा मार्ग होता, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यावर या बाई उभ्या होत्या. मोडीचा भाव पदरीं पाडून घेणाऱ्याही त्याच. घरोघरच्या रकमेंत त्यांचें भागत नसे. निम्मा संसार त्या भावावर चाले असें त्या सांगत.

हा कांहीं अज्ञात विषय नव्हे. पुणें व पिंपरी चिंचवड येथील कचरावेंचक १९९३ सालीं डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालीं एकत्र आले आणि कागद, कांच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. आपण भिकारी किंवा चोर नसून कष्टकरी आहों, हें सांगणारें ओळखपत्र गळ्यांत असावें ही त्यांची पहिल्या काळांतली एक मोठी मागणी होती. पुढें त्याच चळवळींतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ सालीं पुणें महानगरपालिकेशीं तिचा करार झाला आणि घरोघर जाऊन कचरा घेण्याचें काम तिच्या सभासद बायका करूं लागल्या. परदेशांतून माणसें हें पाहावयास येतात. ब्राझीलमध्यें बेलो ओरिझोंते शहरांत १९९० पासून वेंचकांची अशीच एक संघटना आहे. हें सर्व आम्हीं वाचलें होतें. मंडळाच्या एका बैठकींत त्यावर टिपणहि सादर केलें होतें. आमच्या जिन्याखालच्या बाई कोणत्याच संघटनेंत नव्हत्या, आणि टिपण लिहितांना आम्हांस त्यांची आठवण झाली नाहीं.

मंडळानें पुढें एक पत्रक छापलें. ‘आपल्या शेजारचे पर्यावरणस्नेही धंदे’ असा मथळा होता व खालीं बावीस नांवें होतीं: घाणा, शिवणकाम, मावळचे शेतकरी, सायकल दुरुस्त करणारा, रोपें विकणारी. पत्रक टिकावें म्हणून आम्हीं गुळगुळीत, वरून चकाकणाऱ्या कागदावर छापून घेतलें. दुसऱ्या दिवशीं त्यांतलीं बरींच कचऱ्यांत आलीं. बाईंनीं एक उचलून आमच्यापुढें धरलें. "काका, हे तुमचेच ना? याला प्लॅस्टिकचा पापुद्रा आहे. हा कागदांत जात नाय." त्यांस वाचतां येत नव्हतें, त्यांनीं कागद बोटानें ओळखला होता. आम्ही खजील झालों, पण तेव्हांहि आमच्या मनांत एवढेंच आलें कीं पुढच्या खेपेस साधा कागद वापरावा. बावीस नांवांत तेविसावें घालावें हें मनांत आलें नाहीं. आलें असतें तरी तें घालतां आलें नसतें, कारण त्यांचें नांव आमच्यापैकीं कोणासच ठाऊक नव्हतें. सर्वजण त्यांना मावशी म्हणत.

२०२३ सालच्या पावसाळ्यांत सोसायटीची सभा भरली. एका खासगी ठेकेदारानें कचरा उचलण्याविषयीं पत्र दिलें होतें. गाडी येईल, माणसें हातमोजे घालतील, निवडानिवड आवारांत होणार नाहीं, आणि घरटी दरमहा वीस रुपये कमी पडतील. जिन्याखालच्या वासाविषयीं तक्रारी होत्याच, आणि त्या खोट्या नव्हत्या. कोणीतरी म्हणाले, मोशीस आतां कचऱ्यापासून वीज होते, मग निवडायचें कशाला? ती गोष्टहि खरी होती. १ ऑगस्ट रोजींच त्या प्रकल्पाचें उद्घाटन झालें होतें. दिवसास ७०० टन कचरा घेऊन १४ मेगावॉट वीज करण्याची त्याची योजना. परंतु जाळावयाचें म्हटलें कीं उत्तम जळतात कागद, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक, आणि हींच मावशींचीं गांठोडीं. हें आम्हांस त्या सभेंत बोलतां आलें असतें. आमच्या बगलेंत मंडळाच्या नव्या पत्रकांचा गठ्ठा होता, साध्या कागदावर छापलेला. सभा संपल्यावर तो वांटावयाचा होता. मत घेण्याची वेळ आली तेव्हां आम्हीं हात वर केला. ठेकेदाराच्या बाजूनें.

कां केला, याचें कारण आम्हीं पुष्कळदां शोधून पाहिलें आहे. वीस रुपयांसाठीं नव्हे, असें म्हणावयास आवडेल. सभा लांबली होती, सर्वांचे हात वर होते, आणि जिच्यासाठीं बोलावयाचें ती तेथें नव्हती. कल्हईवाला निदान समोर उभा राहून आंकडा मागत होता. मावशींनीं कधीं कांहीं मागितलें नाहीं; पत्रकाचा कागद तेवढा नीट छापा म्हणून सांगितलें.

भंगाराचा धंदा म्हणजे नुसता पुण्याईचा धंदा, असें आम्ही भासवीत नाहीं. येथून थोड्याच अंतरावर चिखलीनजीक कुदळवाडीस भंगाराच्या गोदामांची एक नगरीच वसली होती. तेथें आगी लागत, धूर उठे, आणि आसपासचे रहिवासी वर्षानुवर्षें तक्रार करीत. फेब्रुवारी २०२५ मध्यें महानगरपालिकेनें तेथलीं चार हजारांहून अधिक बांधकामें पाडलीं. धुरानें गांजलेल्यांस हायसें वाटलें असल्यास त्यांना नांवें ठेवतां येणार नाहींत. परंतु शहराचा पुठ्ठा, पत्रा, प्लॅस्टिक ज्या दुकानांतून फिरून पुन्हां कारखान्यांत जाई, त्यांतलीं कितीतरी दुकानें त्याबरोबर गेलीं; शहरानें कचरा करणें मात्र एक दिवसहि थांबविलें नाहीं. धूर न करतां हा धंदा चालावा यासाठीं जागा, पाणी, छप्पर आणि देखरेख लागते. वस्तु विकणाऱ्यांसाठीं ज्या औद्योगिक पट्ट्यांत एवढे प्रशस्त भूखंड आंखले गेले, तेथें तीच वस्तु मोडल्यावर घेणाऱ्यासाठीं वेळेवर जागा आंखली गेली नाहीं, आणि मग तो बेकायदा ठरला. मोडीवांचून कासाराचें दुकान कसें चाललें असतें?

मावशींची गांठ त्यानंतर कांहीं महिन्यांनीं पडली. रेल्वेच्या रुळांकडे जाणाऱ्या गल्लींत एका भिंतीच्या सांवलींत त्या बसल्या होत्या. पूर्वींपेक्षां गांठोडें लहान होतें. आम्हांस पाहून त्यांनीं पदर सांवरला. "काका, बरंय ना? बाजार भरतोय का तुमचा?" आम्हीं भरतो म्हणून सांगितलें. मग आपण होऊनच त्या म्हणाल्या, कीं आतां दोन चाळींचा कचरा त्यांच्याकडे आहे, कुदळवाडी गेल्यापासून प्लॅस्टिकचा भाव पडला आहे, आणि आमच्या सोसायटींतला माल चांगला असे, कारण तेथें वर्तमानपत्रें पुष्कळ येत. यांत टोमणा नव्हता. धंद्याची माणसें जुन्या गिऱ्हाइकाविषयीं बोलतात तसें त्या बोलल्या. आम्हीं सभेंत हात वर केला होता हें त्यांस सांगितलें. त्यांनीं दुधाची पिशवी उलटी करून झटकली आणि म्हटलें, "सगळ्यांनीच केला आसंल."

ठेकेदाराची मुदत येत्या भाद्रपदांत संपते. सभेपुढें ठेवावयाचा ठराव आम्हीं लिहून दिला आहे: जिन्याखालची जागा न देतां आवाराच्या मागें पत्र्याचें छप्पर आणि पाण्याचा नळ द्यावा, दोघी बायकांना काम द्यावें, घरटी वीस रुपये अधिक घ्यावे. खजिनदारांनीं तीस घरांची गैरसोय काय होईल याचें टांचण मागितलें आहे. तेंहि आम्हीच लिहीत आहों. पाठिंबा म्हणून आतांपर्यंत नऊ सह्या झाल्या आहेत. त्यांत पहिली सौभाग्यवतींची आहे, आणि ती करतांना, आपण कल्हईवाल्यास त्या दिवशीं उगाच बोललों, असें त्या म्हणाल्या.

मंडळाचें पत्रकहि नव्यानें छापावयाचें आहे. या वेळीं मावशींना त्यांचें नांव विचारलें. त्यांनीं तें सांगितलें, आडनांवासकट, आणि आम्हीं लिहून घेत आहों असें पाहून लगेच म्हणाल्या, "छापूं नका पण. ठेकेदाराची माणसं ह्याच गल्लीनं जातात." तेव्हां पत्रकांत तूर्त बावीसच नांवें आहेत.